जुजबंदी

पुस्तक हाती घेणाऱ्यास त्याचे पुठ्ठे दिसतात, पाठीवरची सोनेरी अक्षरे दिसतात, फार झाले तर पोस्तनीचा रंग दिसतो. परंतु ज्याच्या आधाराने ती तीनचारशे पृष्ठे एकमेकांस धरून असतात, तो जुजांच्या घडीत दडलेला दोरा पुस्तक धडधाकट आहे तोवर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि पडू लागला म्हणजे बांधणाराचे काम बिघडले असे खुशाल समजावे. गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावर मी तीस वर्षे हा जुजबंदीचा धंदा करीत आलो आहे. ज्याचे नाव लेखकाच्या पानावर नाही आणि मुद्रकाच्या ओळीतही नाही, त्या कारागिराला विनयाचा निराळा पाठ कोणी कशाला द्यावा, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. आपण निनावी आहोत याचाच एक गुप्त ताठा मनात साठत चालला होता, हे ध्यानात यावयास मात्र एक फाटके पुस्तक दुकानात यावे लागले.

ते आणले वसईकडच्या एका वृद्ध फादरांनी. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे ते लहानसे इंग्रजी भाषांतर. पाठ मोडलेली, शेवटचे दोन जुज सुटून आलेले. आम्ही बांधणारे लोक पुस्तके वाचीत नाही, पाने मोजतो. परंतु मोजता मोजता नजर अडखळते, आणि अडखळली की दोन ओळी आत जाऊन येते. बेनेडिक्ट हे इटलीतील नुर्सिया येथे इसवी सन 480 च्या सुमारास जन्मले, आणि 529 च्या सुमारास त्यांनी मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ स्थापिला, असे परंपरा सांगते. मठवासी साधूंसाठी सिद्ध केलेल्या या 73 प्रकरणांत ध्यान, वैराग्य इत्यादींचे प्रौढ विवेचन असेल म्हणून मी पान उलटले, तो समोर स्वयंपाकघराची पाळी निघाली! ज्याचा आठवडा संपला त्याने शनिवारी सर्वांची हातपाय पुसण्याची फडकी धुवावीत, पाळी उतरणाऱ्याने आणि चढणाऱ्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवावेत, आणि भांडी स्वच्छ व शाबूत कोठावळ्याच्या हवाली करावीत, म्हणजे त्याने ती नव्या माणसाच्या ताब्यात द्यावीत. हत्यारांची यादी मठाधिपतीने स्वतः ठेवावी. आणि कोठावळ्याने तर मठातील यच्चयावत भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांच्या योग्यतेची मानावीत. माझ्या मेजावर खळीचे भांडे तीन दिवसांचे वाळून पडले होते. मी पुस्तक खाली ठेवले आणि पहिल्याने ते धुतले.

पुढे कारागिरांचे प्रकरण आले, सत्तावन्नावे. मठात कारागीर असतील तर त्यांनी आपली कला नम्रपणे चालवावी. परंतु आपल्या कसबामुळे मठाचे भले होत आहे असे वाटून एखादा फुगू लागला, तर त्यास त्या कामावरून दूर करावे, आणि तो नमला असे पाहून मठाधिपतीने फिरून आज्ञा देईपर्यंत त्याला त्या कामास हात लावू देऊ नये. शिवाय व्यवहारात लोभ शिरू नये म्हणून मालाची किंमत बाहेरच्या लोकांपेक्षा थोडी कमीच ठेवावी. हे वाचून मी फादरांच्या बिलातून चार आणे वजा केले, आणि पुढे दोन दिवस त्या चार आण्यांचे मनातल्या मनात इतके कौतुक केले की, मठात असतो तर तेवढ्यावरच माझ्या हातची सुई काढून घेतली गेली असती. दुकानदाराला मठाधिपती नसतो. माझ्या बाबतीत ते काम कातरणाच्या ढिगाने केले.

मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून पेन्शनीत निघालेले एक गृहस्थ आपल्या दिवंगत वडिलांची ज्ञानेश्वरीची छापील प्रत घेऊन आले. शिवण उत्तम उतरली, खळीत मोरचूद घालून कसरीचा बंदोबस्त केला, रात्रभर पुस्तक शिकंज्यात दाबून ठेवले, आणि सकाळी कडा सारख्या करण्यासाठी ते यंत्राखाली घातले. पाते उतरले. खाली पडलेल्या पट्ट्यांवर शिसपेन्सिलीची बारीक काळसर टोके दिसली. पुस्तक उघडून पाहतो, तो समासात जागोजाग मोडीत टिपणे, आणि त्यांतल्या कित्येक ओळींची शेवटची अक्षरे माझ्या पात्याने नेलेली. मला मोडी वाचता येत नाही. शिवताना त्या रेघा मी पाहिल्या होत्या, आणि जे आपणास वाचता येत नाही ते तेथे नाहीच, असे धरून पुढे गेलो होतो.

कागद जीर्ण होता, समास आधीच झडले होते, ही सबब तयार होती, आणि ती खोटी ठरविणारा साक्षीदार कोणी नव्हता. परंतु त्या नियमावलीचे शेहेचाळिसावे प्रकरण डोक्यातून जाईना. स्वयंपाकघरात, कोठारात, भटारखान्यात, बागेत, कोठेही काम करताना कोणाकडून काही चुकले, मोडले वा हरवले, तर त्याने आपण होऊन तत्काळ मठाधिपती व सर्व मंडळी यांच्यापुढे कबुली द्यावी. तीच गोष्ट दुसऱ्याकडून कळली तर शिक्षा अधिक भारी. यातला सगळा भार ‘तत्काळ’ या शब्दावर आहे. चूक आणि कबुली यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मन सबबींची जुजबंदी करून टाकते, आणि ती इतकी सफाईदार होते की पुढे तिचा दोरा आपला आपल्यालाच सापडत नाही.

मी त्या पट्ट्या निवडल्या, क्रमाने लावल्या, लखोट्यात घातल्या आणि त्याच दुपारी त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा लावला, एक पट्टी पानाच्या कडेला जुळवून पाहिली, आणि म्हणाले, “इथं बाबांनी ‘विचारावे’ लिहिलं होतं.” दुसरे काही बोलले नाहीत. मजुरी मी घेतली नाही. आणि ‘असू द्या हो’ म्हणून त्यांनीही मला मोकळे केले नाही.

आपल्या पत्रव्यवहारात विनयाचा तोटा नाही. खडखडीत तक्रारीच्या अर्जाखालीही आपण ‘आपला नम्र’ अशी सही ठोकतो. बेनेडिक्टांनी सातव्या प्रकरणात नम्रतेची बारा पायऱ्यांची शिडी रचली आहे, आणि तिची सातवी पायरी नेमकी या सहीवर बोट ठेवते: आपण सर्वांहून कनिष्ठ, हे जिभेने म्हणून भागत नाही, अंतःकरणाने मानले पाहिजे. ही पायरी मला आजतागायत चढता आलेली नाही. दुसऱ्याने बांधलेले पुस्तक हाती आले की माझे मन अजून त्याचे टाके मोजते. परंतु नम्रतेचा लॅटिन शब्द ‘ह्यूमस’ म्हणजे मातीपासून निघालेला आहे, आणि आपला ‘नम्र’ वाकण्यापासून. मातीला हात लावणे आणि वाकणे या दोन्ही गोष्टी, अंतःकरण तयार होईपर्यंत न थांबता, शरीराला करता येतात. म्हणून मी खळीचे भांडे रोज संध्याकाळी धुतो, सुया मोजून डबीत ठेवतो, आणि हातून काही बिघडले तर दिवेलागणीच्या आत ज्याचे त्याला सांगून येतो.

दोनएक महिन्यांनी ते पेन्शनर गृहस्थ फिरून दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. बगलेत वडिलांचेच आणखी एक पुस्तक होते. ते मेजावर ठेवून म्हणाले, “याला कटाई नको, मास्तर.” मी बरे म्हटले, आणि पाने मोजावयास घेतली, या खेपेस समासांसकट.