रा. रा. बासन यांस

मु. पो. पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन, जि. जालना

रा. रा. बासन,
मुक्काम अभिलेख कक्ष, वरून दुसरी फळी, यांस

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून आपली खुशाली कळवीत जावी, असं लिहायची रीत आहे. पण आपण आजवर कुणालाच काही कळवलेलं नाही, तेव्हा ते वाक्य गाळतो. कागदांभोवतीचं लाल फडकं अजून शाबूत आहे ना? वाळवीनं हात तर लावला नाही? मधल्या काळात कुणी गाठ सोडली होती का?

'आपण' पुरे झालं. चाळीस वर्षं कचेरीसमोर लिंबाखाली पेटी मांडून अर्ज लिहिले, त्यातले निम्मे तुझ्यासारख्याची गाठ सोडा म्हणून. एवढ्या ओळखीत अरे-तुरे चालावं.

इकडची खबर अशी की मिरचीचा पहिला तोडा झाला. भाव सांगण्यासारखा नाही, म्हणजे नेहमीसारखाच आहे. गुडघे दुखतात म्हणून पेटी आता घराच्या ओट्यावर आणली. नातू मोबाइलवरून अर्ज भरतो आणि मला म्हणतो, आजोबा, महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तुमचे ते मायना लिहिण्यातच संपतात. म्हणून आज मर्यादा नसलेला कागद घेतला.

तू 1994 सालच्या जळगाव प्रकरणाचं बासन. तुझ्या जातीची आणखी पुष्कळ आहेत राज्यभर, त्यांनाही हे वाचून दाखव. पण माझी ओळख तुझ्याशी, कारण जळगाव आम्हाला लांब नाही. सिल्लोड ओलांडलं, अजिंठ्याचा घाट उतरला की तुझाच मुलूख. त्या पावसाळ्यात एसटीनं पेपरचा गठ्ठा आला की पारावर एक जण मोठ्यानं वाचायचा. तुझी बातमी आली आणि तो मध्येच थांबला, कारण बायका मिरच्या निवडत बसल्या होत्या. शाळा-कॉलेजच्या पोरींना गोड बोलून, धमकावून नेलं, फोटो काढले, तेच फोटो दाखवून पुन्हा पुन्हा बोलावलं, गावातल्या वजनदार माणसांपुढे टाकलं, असे आरोप होते. आकडे शेकड्यांत बोलले जात. अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर ही तपासातल्या अधिकाऱ्यांची नावं आमच्या पारावरही पोचली होती. विशेष न्यायालय बसलं. वाटलं, आता होतंय काहीतरी.

काय झालं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शेकड्यांत बोलल्या गेलेल्या पोरींपैकी फिर्याद द्यायला उभ्या राहिल्या त्या अगदी थोड्या. आरोपींतले बहुतेक सुटले. शिक्षा झाली तीही वर टिकली नाही. ते सुटले ते न्यायालयाच्या हुकमानं सुटले, त्यावर मी बोट ठेवत नाही. अर्जनवीसानं हुकमावर शेरे मारू नयेत. पण आमच्या आळीत त्या वर्षी जळगावकडचं एक स्थळ मोडलं, आणि मुलीचा दोष एवढाच की ती त्या गावात कॉलेजला होती. आरोपींपैकी कुणाच्या घरची सोयरीक मोडल्याचं मात्र माझ्या कानावर आलं नाही.

आधी आभार मानतो, मग भांडतो. तू पोरींची नावं पोटात ठेवलीस याबद्दल मनापासून आभारी आहे. ही अक्कल तुला जन्मजात नव्हती, ती एका जुन्या कागदानं शिकवली. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला, खटला चालला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूरला उच्च न्यायालयात शिक्षा झाली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. निकाल छापील होता, कुणालाही वाचता येत होता, म्हणून तो चार कायदेशिक्षकांनी वाचला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि आपल्याकडच्या वसुधा धागमवार. सप्टेंबर 1979 मध्ये त्यांनी थेट सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. त्या पत्रातून मोर्चे निघाले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या बाईवरचा अत्याचार वेगळा गुन्हा ठरला, असे खटले बंद दाराआड चालवायचं ठरलं, आणि दंड विधानात 228-अ कलम आलं की पीडितेची ओळख छापील तो दोषी. उघड्या निकालामुळे नाव झाकणारा कायदा आला, बघ. तरी त्या मुलीचं नाव आजही वकिलांच्या पुस्तकात खटल्याच्या नावानं छापलं जातं. मी ते इथं लिहीत नाही.

पुढे 11 डिसेंबर 2018 ला निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अजून घट्ट सांगितलं की पीडिता मेली तरी तिचं नाव उघड करायचं नाही. 2016 च्या आणखी एका निकालानं पोलिसांना सांगितलं होतं की फिर्यादीची प्रत चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका, पण असल्या गुन्ह्यांची टाकू नका. सगळं बरोबर आहे. माझी तक्रार वेगळीच आहे.

नाव झाकायचं म्हणून जे फडकं दिलं होतं, त्यात तू सगळंच गुंडाळून घेतलंस.

तुझ्या पोटात काय काय असतं ते मला माहीत आहे, मी उगाच चाळीस वर्षं घासली नाहीत. फिर्याद, जबाब, पंचनामे, मुद्देमालाची यादी. आणि सगळ्यात खाली दबलेला रोजनामा. जबाबाच्या मागे सगळे लागतात, रोजनाम्याकडे कुणी बघत नाही, आणि मला विचारशील तर खरा मजकूर तिथंच आहे. अमुक तारखेला साक्षीदार हजर, पण आरोपीचे वकील गैरहजर, तारीख दिली. पुढच्या तारखेला वकील हजर, साक्षीदाराला समन्स बजावलं नाही, तारीख दिली. त्याच्या पुढच्या तारखेला साक्षीदार हजर आणि फितूर. पोरगी सोळाची असताना फिर्याद देते, एकवीसची झाल्यावर साक्षीला बोलावणं येतं, तोवर तिचं लग्न झालेलं असतं आणि सासरी समन्स घेऊन बेलीफ उभा राहतो. ती फिरली नाही तरच नवल. पण तिला फिरायला भाग पाडणाऱ्या त्या पाच वर्षांत तारीख कुणी मागितली, कोणत्या कारणानं मागितली, सरकारी बाजूनं हरकत घेतली का, तपास अधिकाऱ्याची बदली मध्येच का झाली, हे सगळं लिहायला पोरीचं नाव कशाला लागतं? एकदाही लागत नाही. मी रोजनामे वाचलेत, तिथं ती फक्त 'साक्षीदार क्र. 2' असते.

मग ते का गुंडाळून ठेवलंस, बाबा?

आता माझं गाऱ्हाणं. जिल्हा लिहीत नाही, कार्यालय लिहीत नाही. एक बाई माझ्याकडे आली. लग्न लावून देतो म्हणून तिच्या पोरीला परराज्यात नेलं होतं आणि तिथं विकलं होतं. पोरगी परत आली, गुन्हा नोंदला, मग सगळं गार. बाईला कळेना की पुढं काय झालं. मला म्हणाली, "भाऊ, पोरीचं नाव कुठंच नको येऊ दे. पण त्या दलालाला कुणी सोडलं, तेवढं लिहून मागा." वकिलाला जमलं नसतं इतकं नेमकं सांगितलं तिनं. मी जोडपत्र 'अ' भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. मजकुरात पोरीचं नाव घातलं नाही, नुसता गुन्हा क्रमांक घातला.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं, ते त्रेचाळीसाव्या दिवशी आलं. माहिती नाकारली होती. कारण, तपासाला बाधा येईल आणि माहिती वैयक्तिक आहे. ठीक. पण पत्राच्या वर 'विषय' म्हणून जी ओळ होती तिच्यात पोरीचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, गावासह. आणि खाली, 'प्रत माहितीस्तव ग्रामपंचायत'. जे झाकायचं ते विषयात, आणि जे मागितलं ते गुप्त. सही कुणाची होती तेही वाचता आलं नाही, नुसता गुंता होता. बाई माझ्या ओट्यावर बसून राहिली. चहा केला, तो निवला. वाचून दाखवताना मी तो विषय गाळला, पण पोस्टमन मित्र आहे, त्यानं आधीच वाचला होता.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही, एवढंच समाधान. नातवानं परवा अमेरिकेचं सांगितलं. तिथं एप्स्टाईन नावाचा एक पैसेवाला होता, कोवळ्या पोरी नासवून मोठमोठ्यांत ऊठबस करणारा. तो तुरुंगात मेला, 2019 मध्ये. त्याचे कागद खुले करा म्हणून ज्या बाया सोसून बसल्या होत्या त्याच पुढं झाल्या, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या प्रतिनिधी सभेत 427 विरुद्ध 1 मतांनी विधेयक मंजूर होऊन पुढे कायदा झाला. मग लाखो पानं बाहेर आली. त्यात कुठं पानच्या पानं काळी, आणि कुठं त्याच बायांची नावं झाकायची राहिलेली. त्यांच्या वकिलांना आरडाओरडा करावा लागला. मी नातवाला म्हटलं, एवढ्या मोठ्या देशातला कारकूनसुद्धा आपल्यासारखाच काजळी उलट्या बाजूला फासतो तर.

आपल्याकडे तर फडकं दिवसेंदिवस जाड होत चाललंय. कोर्टातले कागद माहितीच्या अधिकारात मिळायचे नाहीत, उच्च न्यायालयाच्या नक्कल नियमांनीच मागायचे, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये ठरवलं. परक्यानं नक्कल मागायची तर कारण सांगा, प्रतिज्ञापत्र करा. आणि कचेरीतल्या कागदांसाठी जो 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, त्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही. ही ओळ मी शेकडो अपिलांत लिहिली असेन. आता पाठ झाली, आणि आता ती कायद्यात नाही. विदा संरक्षणाच्या कायद्यानं ती काढली, नोव्हेंबर 2025 पासून. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की काम झालं. दलालाचं नाव वैयक्तिक, बदलीचा हुकूम वैयक्तिक, तपास ढिला सोडल्याबद्दल कुणाची चौकशी झाली असेल तर तीही वैयक्तिक. कलम 8(2) अजून शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते म्हणणारं. त्या एका दोरीला धरून मी लोंबकळतोय. हसू नकोस.

तर मागणं असं. पोरींचं काही सोडू नकोस. नाव नको, गाव नको, शाळा नको, वडिलांचा धंदा नको; खेड्यात नुसतं 'गुरुजींची धाकटी' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. जबाब तर मुळीच नको, ते वाचायला हपापलेले लोक मी बघितलेत आणि त्यांचं कारण न्याय हे नसतं. पण रोजनामा दे. तारखा दे. तपास अधिकारी किती बदलले ते दे. सरकारी वकिलांनी अपील केलं की नाही, नसेल तर तसा निर्णय घेणाऱ्या फाइलीवरचा शेरा दे. आणि खटला संपला असेल तर निकाल दे, ठिकठिकाणी नाव खोडून, पण कारणं शाबूत ठेवून. मिरची निवडताना आमच्या बायका सडकी काढून टाकतात, म्हणून कुणी अख्खं पोतं रस्त्यावर ओतत नाही.

आणि एक. सरकारी कागदाचे वर्ग असतात, अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराचा, मध्ये ब आणि क. कुणी कधी तुला खालच्या वर्गात ढकलून रद्दीच्या काट्यावर घालायला आलं, तर अंग चोरू नकोस. जड हो.

थोरांस नमस्कार, शेजारच्या फळीवरच्या धाकट्यांस आशीर्वाद. त्यातलं एक दोन वर्षांचंच आहे, त्याच्यात आमच्या त्या बाईचा गुन्हा क्रमांक आहे, त्याच्याकडे जरा लक्ष ठेव.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक अर्जनवीस

ता. क. : पत्र बंद करणार तोच बाई पुन्हा आली. पहिलं अपील फेटाळलं, म्हणून आता माहिती आयोगाकडे जायचं, जोडपत्र 'क', वीस रुपयांचा स्टॅम्प. तिनं पदराच्या गाठीतून दहाच्या दोन नोटा काढल्या. अर्जदाराच्या जागी तिचंच नाव घातलंय, ती म्हणाली, माझं घाला, मला काय होतंय. विषयाची ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली.