पाणी बघितलंस का?

जुनी मोटार घेणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘केवढ्याला पडली?’ आणि ‘वाटेत बंद पडत नाही ना?’ पहिल्याचं उत्तर आपण थोडं कमी करून सांगतो आणि दुसऱ्याचं साफ खोटं. मीही बरीच वर्षं तेच केलं.

१९९६ साली कोल्हापुरात एका व्यापाऱ्याकडून मी १९८९ची पांढरी कॉन्टेसा घेतली. त्या सुमारास एस्टीम, सिएलो अशा नव्या गाड्या आल्या होत्या आणि पेट्रोल पिणाऱ्या या जुन्या मोठ्या गाड्यांचे भाव उतरले होते. बँकेतल्या नोकरीत नवी छोटी गाडी परवडली नसती, पण जुनी मोठी परवडली. गाडी दारात आणली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “केवढं धूड रे हे! एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या. दूध तरी मिळालं असतं.”

धूड खरंच होतं. या गाडीचा सांगाडा मूळचा इंग्लंडातल्या १९७०च्या दशकातल्या व्हॉक्सॉल व्हिक्टरचा. बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात ती तयार होई. सुरुवातीला तिला अ‍ॅम्बॅसिडरचंच १५०० सीसीचं इंजिन होतं. पुढे इसुझुचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले. माझी ही दुसरी. मागच्या बाकावर तीन माणसं ऐसपैस बसत आणि चौथं मूल त्यांच्या पायाशी झोपून जाई.

कोल्हापूर ते बेळगाव अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं. पण मध्ये राज्याची हद्द. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इकडचा कर, इंजिन आणि चासीचे नंबर कागदावर घासून घेणं, असे हेलपाटे झाल्यावर एमएच शून्य नऊची केए बावीस झाली. अण्णा म्हणाले, “आपल्यासारखीच की. माणसं तीच, पाटी बदलली.”

कॉन्टेसा घेतली की गावातले बाकीचे कॉन्टेसावाले आपोआप ओळखीचे होतात. रविवार पेठेतले एक धान्याचे व्यापारी छातीला हात लावून सांगत, “अकरा वर्षांत एकदा ढकलावी लागली नाही.” शहापुरातले एक डॉक्टर तीच गाडी, तेच इंजिन असून कपाळाला हात लावत. आणि माझ्या म्हापशाच्या मेहुण्याची गाडी इंजिनाने ठणठणीत, पण दारांखालचा पत्रा खाऱ्या हवेने चाळणीसारखा झालेला. तीन मालकांचे तीन निकाल ऐकून मी गोंधळलो होतो.

हा गोंधळ आमच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी सोडवला. “बघा की वो साहेब, शेटजींचा ड्रायव्हर दर ऐतवारी बॉनेट उघडतोय. डॉक्टर म्हणजे चार-चार म्हैने गाडी झाकून ठेवणार आणि एकदम गोव्याला काढणार. मग बॅटरी उतरणार, कार्बोरेटरचं जेट तुंबणार, ब्रेकचं रबर चिकटून बसणार. गाडी काय करणार त्याला?” गोव्याच्या पत्र्याबद्दल ते एवढंच म्हणाले, “समुद्राला औषध नाही. खालून धुवायचं, एवढंच.”

आमच्या घरी बॉनेट उघडायचे ते अण्णा. त्यांना मोटार चालवता येत नव्हती. पण निपाणीजवळच्या आमच्या गावी विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. थंड पाण्याची धार तुटली की इंजिन किती पटकन धरतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यामुळे रोज सकाळी आंघोळीनंतर, इंजिन गार असताना, ते रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवत, तेलाची पट्टी पुसून बघत आणि नातवाच्या जुन्या वहीत तारीख घालून लिहीत : पाणी बरोबर, तेल बरोबर. मी घाईत निघालो की पायरीवरून विचारत, “पाणी बघितलंस का?” मी म्हणे, “तुम्ही बघितलंय ना, अण्णा?” त्यावर ते म्हणत, “मी बघितलंय रे. तू बघितलंस का?”

मला याचं हसू यायचं.

१९९९च्या गणपतीनंतर मिस्त्रींनी रेडिएटरचा वरचा होज पाईप दाबून दाखवला. रबर मऊ पडलं होतं आणि पट्टीजवळ पांढरट खार साचला होता. “ह्यो बदला. जातोय कधीतरी.” खर्च फार नव्हता. पण दिवाळी तोंडावर होती. मी म्हटलं, “दिवाळी झाली की बघू.” नवरात्रात अण्णा भुईमूग काढायला गावी गेले. त्या महिनाभरात वहीत एकही ओळ लिहिली गेली नाही.

भाऊबिजेला आम्ही सगळे गावी होतो. रात्री जेवण झाल्यावर अण्णांच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबतोय. निपाणीच्या डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब बघून सांगितलं, “ताबडतोब बेळगावला हलवा.” आईच्या मांडीवर त्यांचं डोकं ठेवून मी गाडी काढली. बेळगाव पाऊणशे किलोमीटर. रस्ता तेव्हा दुपदरी होता.

तवंदीचा घाट चढताना काटा लाल खुणेकडे सरकला. मी तो बघितला आणि तरीही पाय काढला नाही. आणखी एक वळण, आणखी एक, असं करत गेलो. मग फट्‌ असा आवाज झाला आणि काचेवर वाफच वाफ. होज पाईप पट्टीपाशी फाटला होता. गाडीत पाण्याचा थेंब नव्हता. दोन ट्रकांना हात केला, ते थांबले नाहीत. मागून आई विचारत होती, “काय झालं रे?” माझ्याने उत्तर देववेना.

अखेर उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निपाणीकडे उतरणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याला मराठी जेमतेम येत होतं. त्याच्याकडे पाण्याचा कॅन होता. मी तो हिसकून ओतायला धावलो तसा त्याने माझं मनगट धरलं. “अवसर माडब्याडरी. तण्णगागली.” घाई करू नका, गार होऊ दे. तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर हेड तडकतं, हे मलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि त्या वेळी आठवणं वेगळं. अर्धा-पाऊण तास आम्ही थांबलो. मग त्याने फाटलेलं टोक दोन बोटं कापून टाकलं, उरलेला पाईप ओढून बसवला, तारेने आवळला, इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतलं आणि दाब चढू नये म्हणून झाकण अर्धवटच लावायला सांगितलं. गाडीत डोकावून त्याने अण्णांना हात जोडले. पैसे घेतले नाहीत.

संकेश्वरला आणि पुढे दोनदा पाणी भरत पहाटे तीनला आम्ही दवाखान्यात पोचलो. दीड तास तरी वाया गेला होता.

अण्णा वाचले. पण उजवा हात आणि वाचा परत आली नाही. पक्षाघातात सुरुवातीचे तास मोलाचे, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध देता येतं, हे आज सगळे सांगतात. त्या काळी आमच्याकडे ते औषध कुठं होतं, असं समजावणारेही आहेत. खरंही असेल. त्या दीड तासाने काही बदललं असतं का, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. धीर झाला नाही.

पुढची सहा वर्षं अण्णा पायरीवर खुर्ची टाकून बसत. मी किल्ली घेतली की डाव्या हाताचा अंगठा ओठांशी नेत. पाणी? मग मी बॉनेट उघडून, बोट बुडवून, ओलं बोट त्यांना दाखवत असे. ते मान हलवत. मगच मी निघे. वही तेव्हापासून माझ्या अक्षरात आहे.

२००५ साली ते गेले. गाडी अजून आहे. कॉन्टेसाचं उत्पादन २००२मध्ये थांबलं. पण तेच इसुझु इंजिन अ‍ॅम्बॅसिडरलाही बसवलं गेल्यामुळे सुटे भाग बरीच वर्षं मिळत राहिले आणि जे मिळत नाहीत ते उद्यमबागेतली लेथ करून देते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मागची २०२४ला झाली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इंधनाचे पाईप सगळे नवे घातले. मिस्त्रींनी सांगितलं त्याच दिवशी.

अधूनमधून गडहिंग्लज किंवा चिकोडीकडचा एखादा तरुण अशी जुनी गाडी बघून ठेवतो आणि सल्ला विचारायला येतो. मी सांगतो, गार इंजिन स्वतः चालू करून बघ, होज पाईप दाबून बघ, गालिचा उचलून पत्रा बघ आणि मालकाकडे वही आहे का विचार. मग तो हमखास विचारतो, “काका, तुमची कधी वाटेत बंद पडली नाही ना?”

आता मी खरं सांगतो. एकदा पडली होती. चूक गाडीची नव्हती.