पाचाचे तीन

सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. मावशीला नागीण झाली तेव्हा ॲसायक्लोव्हिरच्या वेळा मी कॅलेंडरच्या मागे लिहून दिल्या होत्या. 800 मिलिग्रॅमच्या 35 गोळ्या, 7 दिवस. आठव्या दिवशी डब्यात 11 उरलेल्या. "अरे, माणूस जेवतं दोनदा," ती म्हणाली.

गोळीत खोट नव्हती. इतका हुशार रेणू क्वचित बघायला मिळतो. नागिणीचा विषाणू स्वतःच्या थायमिडीन कायनेज या विकराने त्याला पहिला फॉस्फेट चिकटवतो, तेव्हाच तो कामाला लागतो आणि विषाणूच्या डीएनएची वाढती साखळी तिथेच थांबवतो. चोरानेच स्वतःला बेडी घालून घ्यावी तसं. गर्ट्रूड एलियन यांच्या 1988 च्या नोबेलची आठवण निघाली की या रेणूचं नाव निघतंच.

घोडं पेंड खातं आतड्यात. पोटात गेलेल्यातलं फार तर 15 ते 30 टक्के रक्तात पोचतं, म्हणून पाच वेळा गिळायचं. उपाय सापडला तो गमतीचा. व्हॅलिन, म्हणजे आपल्या डाळीतही असतं ते अमिनो आम्ल, रेणूला जोडायचं. आतड्यातले पेप्टाइडचे वाहक त्याला घरचा माल समजून आत घेतात. आत गेल्यावर व्हॅलिन सुटून पडतं. रक्तात पोचण्याचं प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास जातं. हेच व्हॅलासायक्लोव्हिर, अमेरिकेत 1995 पासून. नागिणीला दिवसातून तीनदा.

हे जोडकाम मी केलंय. कागदावर सोपं. जोडणीसाठी डीसीसी हे रसायन वापरलं की त्यातून उरणाऱ्या डीसीयूचा पांढरा गाळ पडतो. गाळून बाजूला करावा, तर रात्रीतून फ्लास्कच्या काठाशी पुन्हा हजर. पुढच्या पायरीत पॅलेडियम-कार्बन गाळताना फिल्टर पेपर कोरडा पडू द्यायचा नाही, नाहीतर मिथेनॉल पेटतं. माझं पेटलं होतं. वॉचग्लास पालथी घालून विझवलं आणि जेवायला गेलो.

'सुधारित औषध' म्हटलं की लोकांना जास्त जहाल औषध वाटतं. इथे मारणारा भाग जसाच्या तसा आहे, सुधारली ती ने-आण. मला तरी हे काम मोठं वाटतं.

2017 मध्ये जपानने मंजूर केलेलं अमेनामेव्हिर वेगळ्या वाटेने जातं. त्याला कायनेजची गरजच नाही, ते विषाणूचं हेलिकेज-प्रायमेज, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायला लागणारं विकर, अडवतं. नागिणीला दिवसातून एकदा. मावशीला हे चाललं असतं.

पण कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठीत जो विषाणू झोपलेला असतो, तो डीएनएच्या प्रती काढतच नाही. तिथे ही तिन्ही औषधं हात हलवत परततात.