पेवाचं घर

मूलबाळ नसलेल्या मावशीचं घर वारशानं माझ्याकडे आलं. आमचं घर पावसात पडलेलं, म्हणून तिथंच संसार मांडला. शेजारणी म्हणाल्या, “तिथलं पेव माणसं खातं गं!” १९६८ साली ज्वारी काढायला उतरलेला मावशीचा थोरला दीर वर आला नाही, त्याला काढायला गेलेला धाकटाही नाही.

बायांनो, भूतबीत काही नव्हतं. कोंडलेलं धान्य, त्यातून ओलसर, श्वास घेतं. प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून तर वाचवणाराही जातो. तुमच्या वाड्यात असं पेव असेल तर कुणालाच उतरू देऊ नका.

आम्ही ते मुरूम टाकून बुजवलं. सासूबाई अजून वळसा घालूनच जातात. जाऊ देत. त्या दोघांसाठी मावशी अवसेला पणती ठेवायची, ती आता मी ठेवते.