मुसाफिराची कॉफी

वेरूळ इथून तीस किलोमीटर, अजिंठा शंभर. शिवाय एक मंगळवारी बंद, दुसरं सोमवारी. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) आलेल्या पर्यटकाला दोन रात्री तरी राहावंच लागतं. माझे भाईजान वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या अशा पाहुण्यांना देतात. त्या खोल्यांत कॉफी कशी ठेवायची, यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला.

भाभींचं म्हणणं, "मेहमानाला काय पुडी दाखवायची? मी करून पाठवते." त्यांची कॉफी म्हणजे साखरेबरोबर खूप वेळ फेटलेली, वरून उकळतं दूध, थेट लग्नातल्यासारखी. भाईजान म्हणाले, केटल, कॉफीच्या पुड्या, साखर, दूध पावडर ठेवू. ज्याला जेव्हा हवी तेव्हा तो करून घेईल. हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. अजिंठ्याला निघणारा माणूस पहाटेच उठतो. फक्त पाणी जारचंच ठेवावं लागतं; बोअरच्या पाण्याने केटलला आठवड्यात पांढरा थर धरतो आणि कॉफीची चवही जाते.

पण पुड्यांमागे आणखी एक कारण आहे, जे घरात कुणी बोलत नाही. काही पाहुणे नाव ऐकून जरा थबकतात. एकाने विचारलंही, "किचन वेगळं आहे ना?" बंद पुडी असली की त्याला नाही म्हणावं लागत नाही आणि आपल्याला ते ऐकावं लागत नाही. भाईजानना हा सभ्य तोडगा वाटतो. मला तो बोचतो.

कारण कॉफीच मुळात फकिरांची. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला ती पीत. तिथल्या मोखा बंदरातून सात बिया दडवून बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात चिक्कमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी परंपरा सांगते. त्यांच्या नावाच्या त्या गुहेला कितीतरी लोक दत्तपीठ म्हणून हात जोडतात. आणि आमच्या शहरात पाणचक्कीशेजारी ज्यांची कबर आहे, त्या बाबांचं नावच शाह मुसाफिर! तिथलं जातं फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळायचं. खाणाऱ्याला नाव विचारत असतील, असं मला वाटत नाही.

सध्या दोन्ही चालतं. खोलीत पुड्या, आणि संध्याकाळी गच्चीवर भाभींचा ट्रे. त्याचे पैसे नाहीत. यावर भाभी ठाम आहेत. कुणी घेतं, कुणी "आत्ताच झाली" म्हणतं. मागच्या डिसेंबरात कोल्हापूरच्या एका आजींनी दोन कप घेतले, किती वेळ फेटता तेही विचारून घेतलं आणि जाताना सांगितलं, "साखर जरा कमी घाला हो."

भाभी त्या वाक्यावर अजून नाराज आहेत.