तीस आणि तीन

सदाशिव पेठ, पुणे

चि. ताई,

तू दूरध्वनीवर येण्याची तीस तारीख सांगितलीस, ती मी तीन अशी ऐकली, आणि मोटार ठरवून, तुझ्या काकूला पुरणाचा घाट घालावयास लावून, रातोरात मुंबईस जाऊन पहाटे विमानतळावर उभा राहिलो, हा प्रकार तुम्हा मंडळींत विनोदाचा विषय झाला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बारनिशीच्या टेबलावर उभा जन्म तारखा नोंदविण्यात घालविलेल्या माणसाने तारखेतच चुकावे, याची कैफियत दप्तरी दाखल असावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा शाबूत, मळ नाही. मात्र श्रवणाचा जो आलेख काढला, त्यातील रेघ मंद्र स्वरांपासून बरीच दूर सरळ चालून तार स्वरांपाशी पोहोचताच घाटउतारासारखी खाली घसरलेली. म्हणजे दोष आतला, देहातील सर्वांत कठीण अस्थीच्या गाभ्यातला. तेथे जेमतेम पस्तीस मिलिमीटर लांबीची नळी गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळी घालून बसलेली असते, आणि तीत कोर्ती नावाच्या इटालियन पंडिताने १८५१ साली वर्णिलेल्या पट्टीवर रोमपेशींच्या रांगा असतात: आतल्या रांगेतील सुमारे ३,५०० मेंदूकडे वर्दी धाडतात, बाहेरच्या तीन रांगांतील सुमारे १२,००० स्वतः आकुंचन-प्रसरण पावून क्षीण नादास बळ देतात. नादाची लाट या नळीतून धावते, तार स्वर दाराशीच विसावतात आणि मंद्र स्वर पार शेवटच्या वेटोळ्यापर्यंत जातात, हे बेकेशीने मृतांच्या कानांत प्रत्यक्ष पाहिले. बुडापेस्टच्या टपाल खात्यात दूरध्वनीच्या कामावर असताना अंतर्कर्णाचा छडा लावणारा आणि १९६१ साली नोबेल पारितोषिकास पात्र ठरलेला हा गृहस्थ, सरकारी खात्यातला नोकर म्हणून, मला फार जवळचा वाटतो.

वार्धक्यात रोमपेशी मरतात त्या बहुधा दाराकडून, आणि मनुष्यास त्या पुन्हा येत नाहीत. कोंबडीस येतात! ही गोष्ट मला अंमळ लागली.

आता ‘तीस’ पाहा. ‘ती’मधला ईकार सखल, धट्टाकट्टा नाद, तो पोहोचला; ‘स’ हा केवळ तार सप्तकातला दुबळा सीत्कार, तो दारातच गहाळ झाला; आणि मन हे असे आगाऊ कारकून आहे की फाटक्या अर्जावरील गळालेले अक्षर अर्जदारास न विचारता स्वतःच भरून मोकळे होते. त्याने ‘न’ भरला. म्हणूनच तू ओरडून बोललीस तरी लाभ नाही; ओरडण्याने ईकार तेवढा कानठळ्या बसवितो, सकार आहे तेथेच राहतो.

तुझ्याच बोस्टन शहरात शुक्नेख्ट नावाच्या डॉक्टरांनी मृतांच्या कर्णास्थींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या बधिरतेचे प्रकार पाडले होते: कोठे रोमपेशी झडतात, कोठे मज्जातंतू, तर कोठे नळीच्या भिंतीतील तो रक्तवाहिन्यांचा पट्टा सुकतो, जो आतल्या द्रवास विद्युत्‌भार पुरवितो. या पट्ट्याकडे पुष्कळ वर्षे बोट दाखविले गेले. पण २०२० साली त्याच शहरातील संशोधकांनी १२० मानवी कानांची तपासणी प्रसिद्ध केली, तीत मुख्य दोष रोमपेशींच्याच नाशाचा निघाला, आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांहून माणसाच्या कानात हा नाश इतका अधिक की, त्यामागे जन्मभराचा गोंगाट असावा असा त्यांचा कयास आहे. हा मजकूर मी काकूस वाचून दाखविला, ही माझी दुसरी चूक. तरुणपणी मी विसर्जनाच्या मिरवणुकीत सलग बारा वर्षे ताशा वाजविला, हे तिला तिथीवार आठवते.

श्रवणयंत्र घेतले आहे. त्यात तूर्त पंख्याची घरघर आणि वर्तमानपत्राची सळसळच अधिक ऐकू येते. सवय होण्यास काही महिने लागतील म्हणतात. तोवर तारीख कळविताना सरकारी रिवाज पाळ: अंकी व अक्षरी, दोन्ही. आणि दूरध्वनीवरच सांगणे भाग पडले तर ‘एकोणतिसाच्या दुसऱ्या दिवशी’ असे म्हण. काकूने उरलेले पुरण शीतपेटीत ठेवले आहे.

तुझा,
काका