खोली हा कोणता चल?

पुतणी परभणीच्या कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. ती चुडाव्याला आली, तेव्हा तिची वही सहज उघडली आणि एका पानावर अडकलो. स्वतंत्र चल, परतंत्र चल, नियंत्रित चल, बाह्य चल. व्याख्या मराठीतच होत्या, तरी काही पकडीत येईना. मी बियाणं, पाणी, खत, खोली अशी यादी करून प्रत्येकापुढे त्याचा प्रकार लिहायला बसलो. पाण्यापाशीच थांबलो. ते स्वतंत्र की नियंत्रित?

"काका, असं नाही लिहिता येत. आधी तुमचा प्रश्न काय ते सांगा," ती म्हणाली.

प्रश्न घरातच होता. बियाण्यासाठी घरचं सोयाबीन राखून ठेवलं होतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या सालाची धास्ती अजून आहे. म्हणून 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि आठवडाभरात किती उगवले ते मोजायचं. 70 आले तर नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं.

"हे मोजमाप झालं. आपण यात काही बदललंच नाही," असं ती म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं.

मग आम्ही खरा प्रश्न घेतला: बीजप्रक्रियेनं उगवण वाढते का? निम्म्या दाण्यांना औषध चोळायचं, निम्मे तसेच ठेवायचे. आपण बदलली ती बीजप्रक्रिया, म्हणून ती स्वतंत्र. तिच्यामागे जे हलेल असं वाटतं ते, म्हणजे उगवलेल्या रोपांची संख्या, परतंत्र. माती, पाणी, पेरणीची खोली दोन्हीकडे एकसारखी ठेवायची, म्हणून ती नियंत्रित.

एवढं बसलं आणि लगेच तिनं प्रश्न बदलला: सोयाबीन पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं तर किती उगवेल? आता खोली स्वतंत्र झाली आणि बीजप्रक्रिया नियंत्रितांत गेली, सगळ्या दाण्यांना सारखीच. मघाशी एका रकान्यात असलेली गोष्ट दुसऱ्यात कशी जाते, यावर मी बराच वेळ घुटमळलो. गोष्टीला स्वतःचा प्रकार नसतोच, प्रश्न तिला तो देतो. हे ध्यानात आल्यावर माझी यादी मीच पुसली.

खरी अडचण पुढे होती. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोतं उंचावरून आपटलं किंवा मळणीयंत्र जोरात फिरलं, तर दाणा वरून धड दिसतो पण उगवत नाही. प्रक्रियेचे दाणे एका पोत्यातले आणि बिनप्रक्रियेचे दुसऱ्यातले घेतले, तर फरक औषधाचा की पोत्याचा? आपल्याला न विचारता मध्ये शिरणारा हा बाह्य चल. तो तरी टाळता येतो, दाणे एकाच पोत्यातून घ्यायचे. पण शेताच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं, त्याचं काय करायचं?

तिथं चिठ्ठ्या टाकतात. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात हाच मार्ग काढला: शेताचे तुकडे पाडायचे, कुठल्या तुकड्यात काय पेरायचं ते नशिबावर सोडायचं आणि तीच गोष्ट अनेक तुकड्यांत पुन्हा करायची. म्हणजे चिबड कोपरा मुद्दाम एकाच बाजूच्या वाट्याला जात नाही. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी 1954 साली कृषी संशोधकांसाठी या साऱ्या सांख्यिकीचं पुस्तक लिहिलं. ही विद्या आपल्या माणसांनी इतकी मन लावून जोपासली, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

यंदा शेतात पट्टे आखून चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय. पाऊस मात्र सगळ्या पट्ट्यांवर एकाच सालाचा पडणार. ओढ दिलेल्या सालात बीजप्रक्रिया तेवढीच कामी येते का, हे या खरिपात कळणार नाही. त्यासाठी तेच पट्टे पुढची काही वर्षं पेरावे लागतील.